चिखल्याचा आकडा

परसराम टेंभरे रोज सकाळी मैदानावरचे खडे वेचायचा. उजाडता उजाडता घरून निघायचा. खांद्याला सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी, पायांत खाणीतून मिळालेले जुने बूट. एका गोलापासून सुरुवात करून तो आडवा चालत जायचा, चार पावलं सरकून परत यायचा, शेतात वखर हाकावा तसा. चिखल्याची जमीनच अशी की आज साफ करावी आणि उद्या पुन्हा काळे खडे वर यावेत. मँगनीजचा खडा दिसायला बोराएवढा, पण हातात घेतला की वजन कळतं. हॉकीचा चेंडू त्याला लागला की वाट सोडतो आणि कधीकधी थेट खेळणाऱ्याच्या तोंडावर येतो. परसरामचा समोरचा एक दात एकोणिसाव्या वर्षी असाच गेला होता. तेव्हापासून तो खडे वेचत होता आणि आता त्रेसष्टचा झाला होता.

चौतीस वर्षं तो खाणीत टिंबरमन होता. जमिनीखाली दगडाच्या छताला लाकडाचे टेकू लावायचे, हे त्याचं काम. लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं आणि ती कुरकुर ऐकायला माणसाला गप्प राहावं लागतं, त्यामुळे त्याला बोलायची सवय फारशी राहिली नव्हती. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं. त्याने मैदानाला लागूनच दोन खोल्यांचं घर बांधलं. त्या घरात त्याची बायको कौशल्याबाई जेमतेम दोन वर्षं राहिली आणि गेली. मुलगी रिता लग्न होऊन रायपूरला. ती रविवारी फोन करायची, "बाबा, जेवले का?" विचारायची, आणि तो म्हणायचा, "जेवलो." मग दोघंही थोडा वेळ फोन धरून राहायचे.

बाकीचे सहा दिवस चिखल्याची हॉकी टीम होती.

चिखल्याला हॉकी कुणी आणली हे नीट कुणालाच माहीत नाही. बालाघाटकडून आलेल्या एका फोरमनने आणली म्हणतात. खाणीतली माणसं पाळी संपली की मैदानावर यायची, आंघोळीआधीच खेळायची, आणि काळ्या घामाची ती टीम आसपासच्या गावांत जाऊन जिंकून यायची. पुढे कायमच्या नोकऱ्या कमी झाल्या, कंत्राटी माणसं आली, कॉलनीतली क्वार्टरं एकेक करून रिकामी पडली. तरी टीम राहिली. ती राहण्यामागे परसराम होता, पण तसं कुणी कधी म्हटलं नाही.

टोकियोहून पदक आलं त्या वर्षी जिल्ह्यातल्या आठ गावांनी मिळून लीग काढली. भंडाऱ्याला भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर पहिली सभा झाली. दुकान भय्याजींचं. तेच लीगचे अध्यक्ष आणि भंडाऱ्याच्या टीमचे मालकही. त्या सभेत प्रश्न आला तो मानधनाचा. खेळाडूला किती द्यायचं? भंडाऱ्यापाशी बाजार होता, तुमसरपाशी राइस मिली होत्या. चिखल्यापाशी एक खाण होती आणि ती कुणा गावकऱ्याची नव्हती. भय्याजींनी तोडगा सांगितला. सगळ्यात लहान टीमने आधी आपला आकडा सांगायचा, तिच्या गावात जितकी वर्गणी जमली तितका. बाकीच्या कुणीही आपल्या खेळाडूंवर त्याहून जास्त खर्च करायचा नाही. तीच सगळ्यांची लिमिट.

"म्हणजे कसं," भय्याजी म्हणाले होते, "पंगतीत सगळ्यात हळू जेवणारा उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

सगळ्यात लहान टीम चिखल्याची होती. पहिल्या वर्षी परसराम उभा राहिला आणि म्हणाला, "चाळीस हजार." भय्याजींनी ते कागदावर लिहिलं, सात जणांनी सह्या केल्या. त्या वर्षी चिखला तिसरा आला.

मग दरवर्षी दसऱ्यानंतर सभा भरू लागली. परसराम सकाळच्या एस.टी.ने यायचा, भय्याजी आधी त्याला चहा पाजायचे, आणि मग सगळ्यांसमोर विचारायचे, "परसरामभाऊ, चिखल्याचा आकडा सांगा." त्या एका क्षणी माडीवर शांतता व्हायची. एरवी ज्याला नाव घेऊन हाक मारणारं माणूस दिवसभरात भेटत नसे, त्याच्या तोंडाकडे आठ गावं पाहायची. सेहेचाळीस हजार. पुढच्या वर्षी पन्नास हजार. तो आकडा सांगायचा आणि खाली बसायचा, आणि परतताना तुमसरहून गावाकडची गोबरवाहीची गाडी धरून खिडकीशी बसून बाहेर पाहत राहायचा.

दोन हजार चोवीस साली पॅरिसहून पुन्हा पदक आलं आणि सगळं बदललं. टीव्हीवर देशाची मोठी लीग पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. खेळाडूंच्या बोलीचे लाखांचे आकडे लोक पानठेल्यावर म्हणू लागले. भंडाऱ्याच्या मैदानाला लोखंडी जाळी लागली, तिकीट लागलं, सामने मोबाइलवर थेट दिसू लागले. ट्रॅक्टरचं शोरूम, कोचिंग क्लास, राइस मिल, सगळ्यांना आपलं नाव जर्सीवर हवं होतं. पैसा दारात येऊन उभा होता आणि तो आत घेता येत नव्हता, कारण चिखल्यात वर्गणी तेवढी जमत नव्हती.

त्या वर्षीच्या सभेला परसराम गेला तेव्हा त्याच्या पिशवीत अठ्ठावन्न हजार होते. पन्नास-पन्नास, शंभर-शंभर करून जमवलेले. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. येताना त्याला वाटत होतं की ऐकून भय्याजी मान डोलावतील.

माडीवर ओळखीचे चेहरे कमी होते. गावांनी तरुण माणसं पाठवली होती, हातांत मोबाइल, कपड्यांना इस्त्री. चहा आला, पण तो सगळ्यांना एकदमच आला. कारध्याच्या टीमचा प्रितम नावाचा मॅनेजर बसल्या बसल्या म्हणाला, "सांगा ना काका लवकर. आमच्या घोड्याचा दोर तुमच्याच खुंट्याले आहे."

हशा झाला. तुमसरचा एक जण म्हणाला, "पन्नासचे पंचावन्न झाले असतीन. दर साल पाच. काकाचा इन्क्रिमेंट फिक्स आहे."

"तसं नाही बे," प्रितम म्हणाला, "यंदा काकानं बकरी इकली असन."

भय्याजी हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं. "परसरामभाऊ, चिखल्याचा आकडा सांगा."

परसराम उभा राहिला. मांडीवरची पिशवी त्याने हातात घेतली होती. त्याला अठ्ठावन्नच म्हणायचं होतं. पण तीन वर्षं जो आकडा ऐकायला ही माणसं गप्प बसायची, तो आकडा आता ती त्याच्याआधीच बोलून हसून मोकळी झाली होती. अठ्ठावन्न म्हटलं असतं तर ते फक्त एक जास्तीचं हसू ठरलं असतं.

"दोन लाख," तो म्हणाला.

भय्याजींचं पेन कागदावर टेकलं नाही. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. "किती म्हणता?"

"दोन लाख. लिहा."

त्यांनी लिहिलं. प्रितमने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालं, "वा काका, छुपे रुस्तम." खाली दुकानात उतरून तो गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसला. पिशवी मांडीवर घेऊन. गाडीला अजून वेळ होता.

आपण काय केलं हे त्याला गाडी तुमसर सोडेपर्यंत पुरतं कळलं नव्हतं. मग कळलं. टेकू लावणाऱ्या माणसाने चालत्या पाळीत स्वतःच्या हाताने टेकू काढावा, तसं.

चिखल्याचा सगळा खेळ वीरेंद्रवर होता. वीरेंद्र राऊत, वय चोवीस, खाणीवर कंत्राटी लोडर. पेनल्टी कॉर्नर मिळाला की त्याच्या स्टिकवरून चेंडू असा निघायचा की गोलकीपर वळेपर्यंत गोलातली फळी वाजलेली असायची. परसरामने त्याला खड्यांच्या मैदानावर शिकवलं होतं, म्हणून चेंडूने वाट सोडली तरी त्याचा हात सोडत नसे. लिमिट पन्नास हजार होती तोवर त्याला कुणी नेऊ शकत नव्हतं. एकट्या वीरेंद्रलाच त्यातलं बरंचसं दिलं तर बाकीच्या तेरा जणांना काय देणार? आता देता येत होतं. सभेनंतर आठव्या दिवशी भंडाऱ्याच्या टीमने त्याला पंचेचाळीस हजार सांगितले.

वीरेंद्र संध्याकाळी परसरामच्या घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला.

"काका, मले किती धरले यंदा?"

"चौदा हजार." मागच्या वर्षी नऊ होते.

वीरेंद्र थांबला. आणखी काही येईल असं त्याला वाटत होतं. "दोन लाखांत चौदा?"

परसरामने त्याच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

"बाहेरून आणून राहिले का कोणी? नागपूरचा?"

"पाहू."

"पाहू म्हणजे?" वीरेंद्रने पेला खाली ठेवला. "अंजूचे दिवस भरत आले काका. मी पैशाच्या मांगं नाही, तुमाले मालूम आहे. तुमी वीस म्हटले असते तरी मी त्यायले ‘नाही’ म्हणून सांगतलं असतं. पण दोन लाख तुमच्यापाशी अन् मले चौदा, तं मी काय समजू?"

सगळं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. परसरामने ती तोंडात आणली. पण बोलला काय, तर, "चहा घेतो का?"

"नाही," वीरेंद्र म्हणाला. "डबल पाळी आहे." आणि उठला.

दुसऱ्या दिवशी परसराम भंडाऱ्याला गेला. भय्याजी गल्ल्यावर होते, मागे पितळी गुंड आणि घागरी रांगेने छतापर्यंत चढलेल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत तो बाजूला उभा राहिला. मग म्हणाला, "भय्याजी, आकडा खोटा होता. अठ्ठावन्न होते माह्यापाशी."

"मले मालूम होतं."

परसरामने मान वर केली.

"दोनदा विचारलं ना तुमाले," भय्याजी म्हणाले. "पेन उचलून धरलं. तुमी म्हटले, लिहा. आठ गावांसमोर मी कसा म्हणू, का परसरामपाशी इतके नाहीत म्हणून? तुमची इज्जत का माह्या हातानं काढू?"

"मंग आता बदला ना."

"आता कसा बदलू? कारध्यानं नागपूरची चार पोरं घेतली. तुमसरनं ॲडव्हान्स देल्ला. माह्या टीमनं..." ते थांबले. त्यांच्या टीमने काय केलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. "तुमचा आकडा लहान होता तोवर मले बरं होतं भाऊ, खरं सांगतो. नाही म्हणायले कारण होतं. मांगणाऱ्याले सांगायचो, चिखल्याले जमत नाही ना बाप्पा, मी काय करू." त्यांनी गल्ला उघडला. "किती कमी पडते? मी देतो. आपसांत राहीन."

"नाही."

"काहून?"

"तुमच्या पैशावर खेळली, तं थे चिखल्याची टीम कशी?"

भय्याजींनी गल्ला लावला. चहा मागवला. या खेपेला दोघांनीच घेतला.

महिनाभरात चार जण गेले. वीरेंद्र भंडाऱ्याला, दोघं तुमसरला, गोलकीपर साकोलीला. वीरेंद्रने सही केल्याचं परसरामला कॉलनीच्या गेटवर कळलं. चौदा नावं दिल्याशिवाय टीम लीगमध्ये घेत नाहीत. परसरामपाशी दहा उरली. त्याने लगतच्या खेड्यांत दोन दिवस सायकल फिरवली, पण धान कापणी चालू होती, पोरं बांध्यांत होती. ज्यांनी थोडं ऐकून घेतलं त्यांनीही शेवटी हेच विचारलं, दोन लाखांतले आमाले किती?

मुदत संपली त्या दिवशी त्याने नावं दिली नाहीत. मग वर्गणी परत करायला निघाला.

चिखल्यात आजवर वर्गणी परत करायला कुणी दारात आलं नव्हतं. लोकांना ते समजेना. काहींना वाटलं, आणखी मागायला आला. तो फक्त म्हणायचा, "यंदा टीम नाही. हे तुमचे," आणि पुढच्या दारी जायचा. कुठे कडी वाजवून थांबायचा आणि मग लक्षात यायचं की हे क्वार्टर उन्हाळ्यातच रिकामं झालं. यंदाच्या वर्गणीला इथल्या माणसाने जाता जाता पन्नास रुपये दिले होते. असे पैसे तो वेगळ्या खिशात ठेवत होता. त्यांचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

गेटवर चहाचा ठेला चालवणारी कुंताबाई सोडणारी नव्हती. तिने नोट हातात घेतलीच नाही.

"काहून परत? माहे पन्नास रुपये दोन लाखांत बसले नाही का?"

"बसले असते, बाई."

"मंग? साऱ्या कॉलनीत बोलून राहिले, परसरामपाशी दोन लाख आहेत अन् पोट्ट्यायले देत नाही म्हणून. कुठी आहेत थे?"

बाकावर पाळी संपवून आलेले सहा-सात जण होते. सगळ्यांनी कप खाली केले. परसरामला वाटलं, तेव्हा माडीवर जी शांतता हवी होती ती आता इथे मिळाली.

"नाहीत," तो म्हणाला. "नोयतेच. मी सभेत फुकाची बात केली. हासून राहिले होते, म्हणून बोललो."

चहा उतू जायला आला तशी कुंताबाईने भांडं उचललं. मग नोट घेतली, डब्यात टाकली, आणि म्हणाली, "बसा. चहा पिऊन जा." तिच्या आवाजातली धार गेली होती. त्याला ती असती तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी वीरेंद्र आला. ओट्यावर चढला नाही. अंगणातच उभा राहिला.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू राह्यला असता."

"राह्यलोच असतो."

"चौदा हजारांत."

"हो. चौदा हजारांत."

"म्हणून नाही सांगतलं," परसराम म्हणाला.

हे अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात नुसती लाज होती, आणि ती त्याने सांगितली नाही. पण वीरेंद्र काही लहान नव्हता. तो खालच्या मातीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "पोरगी झाली. काल." परसराम आत गेला आणि वेगळ्या खिशातल्या नोटा घेऊन आला. गेलेल्या माणसांच्या नोटा. "अंजूले दे," म्हणाला. "कॉलनीकडून." वीरेंद्रने घेतल्या.

त्या हिवाळ्यात चिखल्याच्या मैदानावर गोलाच्या चौकटी उभ्या होत्या आणि मध्ये म्हशी चरत. परसराम सकाळी जायचा, पिशवी घेऊन, आडवा चालायचा, चार पावलं सरकायचा. कुणी विचारलं नाही कशासाठी म्हणून. रिताने रविवारी विचारलं, "बाबा, यंदा टीम कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे." सांगायला बसलं तर सभेपासून सांगावं लागलं असतं. फोन ठेवल्यावर त्याने भात गरम केला आणि उभ्यानेच खाल्ला.

जानेवारीत तो भंडारा आणि कारध्याचा सामना पाहायला गेला. पहिल्यांदाच तिकीट काढून. जाळीशी उभा राहिला, कारण बसायच्या जागा आधीच भरल्या होत्या. पोरांनी गालावर रंग लावले होते, ढोल होते, आणि माइकवरचा माणूस वीरेंद्रचं नाव असं लांबवून घेत होता की परसरामला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. कोपऱ्यातल्या मंडपात सोफ्यावर भय्याजी बसले होते. त्यांनी त्याला पाहिलं, हात करून बोलावलं. त्याने इथेच बरं आहे असं हातानेच सांगितलं.

दुसऱ्या सत्रात पेनल्टी कॉर्नर मिळाला. वीरेंद्रने गुडघा वाकवला, आणि परसरामचाही गुडघा जाळीशी आपोआप वाकला. फळी वाजली. सगळं मैदान उठलं. शेजारचा एक अनोळखी माणूस त्याला धरून हलवत म्हणाला, "पाह्यलं का काका, काय मारते पोट्टा? आपल्या भंडाऱ्याचा आहे."

"हो," परसराम म्हणाला.

वीरेंद्र तेव्हा स्टिक वर धरून धावत होता आणि त्याच्यामागे दहा जण. खेळ चांगला होता. मातीवर पाणी मारलेलं, चेंडू सरळ जात होता. चिखल्याचा गोलकीपर असता तर कारध्याचा दुसरा गोल अडला असता, असं त्याच्या मनात आलं. पण ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

सामना संपल्यावर वीरेंद्र जाळीपर्यंत आला. अंगावर ट्रॅक्टरच्या शोरूमची जर्सी, केसांतून पाणी गळत होतं. कपाळावर कुणीतरी गुलाल लावला होता. मागून मुलं त्याचे फोटो काढत होती.

"काका, जाऊ नका. जेवण आहे सगळ्यायचं. भय्याजी म्हणून राहिले, काकाले घेऊन ये."

परसरामने जाळीतून बोटं घालून त्याच्या दंडावरची माती पुसली. मग हात मागे घेतला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो झोपेतच गेला. कुंताबाईच्या लक्षात आलं, कारण सकाळी मैदानावर कुणी दिसलं नाही. रिता रायपूरहून आली, वीरेंद्र कामावरून तसाच आला. जाळीशी भेटल्यानंतर परसरामची आणि त्याची पुन्हा गाठ पडली नव्हती. तेराव्याला रिताने वीरेंद्रला विचारलं, शेवटी बाबा तुझ्याशी काय बोलले, माझ्याशी तर जेवलो एवढंच बोलायचे. वीरेंद्रला काहीतरी मोठं सांगायचं होतं. पण होतं ते एवढंच:

"साडेपाचची गाडी सुटली का मंग गोबरवाहीवाली नाही भेटत. तू जा, अंग ओलं आहे, आंगी बदल पहिले."